रोड बाईकसाठी हलके ब्रेक: कुठले घ्यावेत, आणि मुळात घ्यावेत का?

चेनलूब
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय. सायकल रिम ब्रेकवाली आहे, ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, रिम ॲल्युमिनियमचीच, शिफ्टर (गिअर आणि ब्रेकची लिव्हर एकत्र) शिमानो १०५ चे ११ स्पीडवाले आणि टायर २५ मिमीचे. सायकल विकताना जी गंमत करतात ती माझ्याही सायकलीत आहे, म्हणजे शिफ्टर डेरेलर सगळं १०५ आणि ब्रेक कॅलिपर (रिमवर पॅड दाबणारे चिमटे) मात्र भलतेच, कुठल्याच सिरीजमधले नाहीत. परवा केबल बदलायला सगळं उतरवलं तेव्हा सहज काट्यावर ठेवले तर पुढचा मागचा मिळून पॅडसकट ३८५ ग्रॅम भरले. चढ आवडतात त्यामुळे चाकं, सॅडल, सीटपोस्ट हे सगळं हळूहळू हलकं करून झालंय आणि आता नजर ब्रेकवर गेलीय. दीडशे दोनशे ग्रॅम कमी करता आले तर हवेत, पण ते माझ्या शिफ्टरला जुळतील का, आणि चढ संपल्यावर जो उतार लागतो तिथे थांबवतील का हा खरा प्रश्न आहे. माझं वजन ७२, सायकल ८ किलोच्या किंचित वर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मंद_पेडल
ब्रेक काढूनच टाका की, एका फटक्यात ३८५ ग्रॅम वाचतील आणि उतारावर वेगही मस्त मिळेल :))

चेनलूब
आला होता तोही विचार मनात, घरच्यांनी विमा विचारला :))

ग्रॅमगणू
माझ्या आवडीचा विषय. आधी एक सांगतो, जाहिरातीतलं वजन बघून हुरळून जाऊ नका. कोणी पॅड न धरता सांगतं, कोणी नट आणि ॲडजस्टर न धरता, कोणी एकाच कॅलिपरचं सांगून मोकळं होतं आणि आपण ते जोडीचं समजतो. तुम्ही पॅडसकट तोललेत ते बरं केलंत.

आता आकडे, सगळे जोडीचे आणि साधारण समजा. शिमानोमध्ये १०५ आर७००० म्हणजे ३७९, अल्टेग्रा आर८००० म्हणजे ३६०, ड्युरा-एस आर९१०० म्हणजे ३२६. म्हणजे १०५ घेतलात तर वजनात काहीच हाती लागत नाही आणि ड्युरा-एस घेऊनही साठच ग्रॅम सुटतात. मजा म्हणजे आधीची ड्युरा-एस ९००० ची जोडी ३०० च्या आसपास होती, नवीन आली ती जड होऊन आली. कॅम्पाग्नोलोचे स्केलेटन वरच्या ग्रुपसेटमधले (गिअर-ब्रेकच्या संचातले) २७० च्या घरात, स्रॅम रेडचे एरोलिंक २४० च्या घरात. त्याच्या खाली गेलात की मग हौशी लोकांचा प्रांत सुरू होतो. केन क्रीकचे ईईब्रेक, मूळ डिझाइन क्रेग एडवर्ड्सचं, ते पावणेदोनशेच्या आसपास. आणि टीएचएमचा फिबुला, पूर्ण कार्बनचा, पॅड सोडून १२० च्या आसपास, हातात घेतला तर डबीत ब्रेक टाकायला विसरले की काय असं वाटतं. शिवाय सीएनसी मशीनवर कोरलेले हलके सिंगल पिव्हट (दोन्ही दांडे एकाच खिळ्यावर फिरणारे) ब्रेक ढिगाने मिळतात, त्यांच्याबद्दल नंतर बोलू.

तुम्हाला दोनशे ग्रॅम कमी करायचे तर उत्तर एकच, ईईब्रेक.

तिरका_स्पोक
गणू थांब जरा, आधी फिटिंग बघू दे. चेनलूब, फोर्कला ब्रेक एका बोल्टवर आहे की दोन? दोन असतील तर तो डायरेक्ट माउंट, तिथे वरच्या यादीतले साधे कॅलिपर बसणारच नाहीत. आणि मागचा कुठे आहे, सीटस्टेवर की खाली बॉटम ब्रॅकेटजवळ?

चेनलूब
एकच बोल्ट, दोन्हीकडे. मागचा नेहमीच्या जागी, वर सीटस्टेच्या पुलावर.

तिरका_स्पोक
मग सोपं आहे. आता केबल पुलचं, म्हणजे लिव्हर किती केबल ओढते ते बघा, लोक इथेच फसतात. शिमानोने २००८ मध्ये ड्युरा-एस ७९०० आणली तेव्हा लिव्हर जास्त केबल ओढेल असा बदल केला, आणि मग २०१२ च्या ९००० पासून एसएलआर-ईव्ही हे ब्रेकचं नवं डिझाइन आलं. जास्त केबल ओढणारी लिव्हर म्हणजे तिची स्वतःची ताकद कमी, ती कमी कॅलिपरने भरून काढायची असा हिशेब असतो. तुमची ११ स्पीडची लिव्हर या नव्या जमातीतली. तिला ड्युरा-एस ७८०० किंवा त्याआधीचा जुना कॅलिपर लावलात तर लिव्हर एकदम टणक लागेल, जरा दाबली की पॅड टेकतील, दुकानात उभ्या उभ्या तर वाटेल वा काय कडक ब्रेक आहे, आणि रस्त्यावर गेलं की थांबायला मूठभर जोर काढावा लागेल. उलटं केलंत, जुनी लिव्हर आणि नवा कॅलिपर, तर ब्रेक प्रमाणाबाहेर चावरा होतो. त्यामुळे "मित्राकडे जुने ड्युरा-एस पडलेत, हलके आहेत" या मोहात पडू नका, आधी मॉडेल नंबर बघा, तो कॅलिपरच्या मागे कोरलेला असतो.

कॅम्पाग्नोलोच्या स्केलेटनमध्ये आणखी एक मेख आहे. त्यांचं क्विक रिलीज (चाक काढताना पॅड फाकवणारी कळ) लिव्हरमध्ये असतं, कॅलिपरवर नसतं. शिमानोच्या लिव्हरमध्येही नसतं, कारण ते कॅलिपरवर असतं. म्हणजे शिमानो लिव्हर आणि कॅम्पा कॅलिपर अशी जोडी जमवली की क्विक रिलीज कुठेच नाही, पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला फुगलेला टायर पॅडमधून ओढत बसायचं. केबलमध्ये बसवायचे छोटे रिलीज मिळतात पण मग वाचवलेले ग्रॅम तिथे परत.

स्रॅमचे कॅलिपर शिमानोच्या लिव्हरवर बरेच जण चालवतात, चालतात, फील थोडा बदलतो.

उतारावरची_सई
मी वेगळंच सांगणार आहे, राग मानू नका. कॅलिपर हलका असणं वाईट नाही, कॅलिपर वाकणं वाईट आहे आणि बहुतेक हलके कॅलिपर वाकतात. हे घरी बघता येतं. पुढच्या चाकासमोर उकिडवं बसा आणि कुणालातरी लिव्हर हळूहळू दाबायला सांगा. पॅड रिमला टेकले तो क्षण दिसतो. त्यानंतर लिव्हर अजून जेवढी आत जाते तेवढी सगळी केबल कुठेतरी खर्च होतेय ना, ती कुठे जातेय ते बघायचं. चांगल्या कॅलिपरमध्ये दांडे जवळजवळ हलत नाहीत. बारीक दांड्यांच्या कॅलिपरमध्ये खालची टोकं बाहेरच्या बाजूला फाकताना चक्क डोळ्यांना दिसतात. आता ब्रेक दाबून ठेवून सायकल पुढे ढकला, तर दांडे चाकाबरोबर पुढे ओढले जातात आणि सोडलं की टक्कन मागे येतात. उतारावर भर वेगात हेच होत असतं फक्त आपलं लक्ष समोर असतं.

आणि गणूने जे गंमत म्हणून सांगितलं, की ड्युरा-एस नवीन आली ती जड झाली, त्याचं कारण बघा ना. २८ चा टायर बसावा म्हणून जागा वाढवली आणि दांडे फाकू नयेत म्हणून मध्ये एक जोडपट्टी टाकली. सगळ्यात वरच्या ग्रुपसेटमध्ये, जिथे प्रत्येक ग्रॅमची फुशारकी मारली जाते, तिथे त्यांनी वजन वाढू दिलं. मला तर यातच उत्तर दिसतं.

ग्रॅमगणू
सईताई, बाकी सगळं मान्य पण "बहुतेक हलके कॅलिपर वाकतात" यात ईईब्रेकला ओढू नका. त्याचे दांडे एकमेकांना सांधलेले आहेत, त्रिकोण तयार होतो, लांब एकटा दांडा लोंबत नाही. कमी माल योग्य जागी लावला की वजनही कमी आणि ताठपणाही राहतो. वाकतात ते स्वस्तातले कोरलेले सिंगल पिव्हट. मी स्वतः एक असा सेट लावला होता, कंपनीचं नाव घेत नाही, वजन अगदी सांगितल्याइतकंच निघालं पण स्प्रिंग इतकी दुबळी की एक पॅड कायम रिमला घासत राहायचा, मधोमध आणावा तर पुढच्या वळणापर्यंत परत तिरका. शेवटी काढून डब्यात टाकला.

उतारावरची_सई
ईईब्रेक मी वापरलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल तुमचा शब्द मानते. पण धागाकर्त्याला लोक सुचवणार ते कोरलेलेच, कारण मिळतात ते तेच.

बलरेषा
थोडं गणित मांडतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा. स्वार ७२, सायकल ८, कपडे बूट बाटल्या धरून ८३ किलो. २०० ग्रॅम म्हणजे यातले ०.२४ टक्के. चांगला खडा चढ धरला, तासाभराचा, तर ताकद तेवढीच लावून साधारण आठ सेकंद वाचतील. शर्यतीत आठ सेकंद खूप असतात, रविवारी सकाळी नसतात, ज्याचं त्याने ठरवावं.

आता दुसरी बाजू. ताशी ५० किमी वेग आहे आणि सपाट कोरडा रस्ता आहे. अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी) इतकी मंदगती मिळाली तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत २० मीटर लागतात. तीच ०.४ जी मिळाली तर जवळजवळ २५ मीटर. म्हणजे कॅलिपर लवचिक आहे, केबल स्पंजी आहे, हात दमलाय म्हणून पाचवा हिस्सा ब्रेकिंग गेलं तर पाच मीटर जास्त, आणि पाच मीटर म्हणजे अख्खी मोटार.

पण यात एक चांगली बातमीही लपलीय. रोड बाईकवर साधारण ०.५५ ते ०.६ जी च्या आसपास मागचं चाक उचलायला लागतं, तुमचा गुरुत्वमध्य किती उंच आणि किती पुढे त्यावर अवलंबून. म्हणजे जोरात ब्रेक मारता तेव्हा जवळपास सगळं वजन पुढच्या चाकावर गेलेलं असतं आणि मागचा ब्रेक थोडा जरी जास्त दाबला तरी चाक घसरतं. थोडक्यात मागच्या ब्रेकला ताकद असून उपयोग करताच येत नाही. ग्रॅम वाचवायचेच असतील तर मागे वाचवा ना!

जुनी_सायकल
बलरेषा यांनी जे गणिताने सांगितलं ते कॅम्पाग्नोलोवाल्यांनी कधीच करून ठेवलंय. त्यांच्या वरच्या ग्रुपसेटमध्ये कित्येक वर्षं पुढे ड्युअल पिव्हट आणि मागे सिंगल पिव्हट अशी विषम जोडी यायची. सिंगल पिव्हट म्हणजे आपली सांडशी, एकाच खिळ्यावर दोन्ही दांडे फिरतात, भाग कमी म्हणून वजन कमी. ड्युअल पिव्हटमध्ये प्रत्येक दांड्याला आपापला खिळा, त्यामुळे तरफेचा फायदा जास्त मिळतो आणि पॅड मधोमध ठेवणं सोपं जातं. सिंगल पिव्हटला आणखी एक गुण आहे तो कुणी सांगत नाही, चाक थोडं डगमगतं असेल तर तो चाकाबरोबर इकडेतिकडे हलून घेतो, ड्युअल पिव्हट अडून बसतो.

अवांतर: सत्तरच्या दशकात हलके ब्रेक विकत घ्यायचे नसत, करायचे असत. ड्रिल घ्यायचं आणि लिव्हर, कॅलिपरचे दांडे, चेनरिंग, दिसेल तिथे भोकं पाडत सुटायचं. दिसायला फार देखणं प्रकरण. ओळीत मारलेली एकसारखी भोकं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सुटायचे किती तर मूठभर कीस, आणि दांड्याला तडा गेला तर तो नेमका भोकापाशीच जायचा. तरुण मंडळींनी प्रयोग करू नये.

मंद_पेडल
काका वाचनखूण साठवली, ड्रिल शोधतोय :P

डिस्कवाला
२१व्या शतकात या लोकहो. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने पण २०१८ मध्ये रोड रेसिंगला डिस्कची कायमची परवानगी देऊन टाकली, आता जवळपास सगळा पेलोटॉन (शर्यतीतला घोळका) डिस्कवर आहे. एका बोटाने ब्रेक लागतो, पावसात लागतो, रिम झिजत नाही, कुठला कॅलिपर किती वाकतो हा प्रश्नच नाही.

ग्रॅमगणू
आणि अख्ख्या सायकलीचं वजन चारपाचशे ग्रॅमने वाढतं तेही सांगा की. धाग्याचं शीर्षक वाचलंत का? शिवाय २०१९ ची टूर द फ्रान्स बर्नालने रिम ब्रेकवर जिंकली, आल्प्सचे उतार उतरून.

डिस्कवाला
शीर्षक वाचलं, म्हणून तर सांगतोय की प्रश्नच चुकीचा आहे. आणि ६.८ किलोची किमान मर्यादा २००० सालापासून आहे, रेसिंगमध्ये त्याच्या खाली जाऊन उपयोग नसतो, डिस्क लावूनही तिथे पोचता येतं.

तिरका_स्पोक
अहो त्यांच्या फ्रेमला डिस्कची जागाच नाही. डिस्क म्हणजे नवी फ्रेम, नवा फोर्क, नवी चाकं, नवे शिफ्टर. ब्रेक हलका करायला माणूस अख्खी सायकल कशाला बदलेल? डिस्कवाल्यांसाठी एवढंच सांगतो, तिकडेही हलक्याचा सोस आहेच, रोटर (ब्रेकची चकती) १६० मिमीचा १४० करणं, जाळीदार पातळ रोटर, टायटॅनियम बोल्ट. लहान पातळ रोटर लवकर तापतो, लांब उतारावर वजनदार माणसाने त्या वाटेला जाऊ नये, आणि शिमानोचा १.८ मिमीचा रोटर झिजून १.५ वर आला की तो बदलायचाच. बाकी डिस्कचा वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे.

चेनलूब
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सईताई, तुम्ही सांगितलं तसं आत्ताच बघितलं, बायकोला लिव्हर दाबायला लावली. दांडे फारसे फाकत नाहीयेत, म्हणजे मला तरी दिसत नाहीत, पण पॅड टेकल्यावर लिव्हर अजून बरीच आत जाते आणि मागची तर जवळजवळ हँडलला टेकते. मग ही केबल जाते कुठे?

उतारावरची_सई
आउटरमध्ये, म्हणजे तारेवरच्या आवरणात! आउटर दबतो. मागच्या ब्रेकचा आउटर लांब आणि वळणं जास्त म्हणून तिथे जास्त जाणवतं. कधीचा आहे तो?

चेनलूब
सायकल घेतली तेव्हाचा. परवा फक्त आतली तार बदलली.

तिरका_स्पोक
सापडला चोर. आता हे नीट वाचा, कारण कॅलिपरवर होणाऱ्या खर्चाच्या किरकोळ भागात होणारं काम आहे हे.

ब्रेकचा आउटर आतून गुंडाळलेल्या पट्टीचा असतो, स्प्रिंगसारखा, आणि गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. सरळ तारांचा आउटर दबत नाही म्हणून काही हुशार लोक ब्रेकलाही गिअरचा आउटर लावतात. हे कधीही करायचं नाही. ब्रेक जोरात दाबल्यावर त्या तारा प्लॅस्टिक फोडून बाहेर येऊ शकतात आणि मग ब्रेक शून्य. न दबणारा आउटर हवाच असेल तर ब्रेकसाठी म्हणून बनवलेला मिळतो, किंवा मण्यांसारखे ॲल्युमिनियमचे तुकडे ओवलेला नोकॉनचा, तो थोडा हलकाही असतो.

पण साधा चांगला आउटरसुद्धा नीट कापला तर जादू होते. कटरने कापला की टोक चिमटतं आणि आतल्या पट्टीचा एक काटा तिरका वर येतो. तो तसाच आउटरच्या टोकाला बसणाऱ्या टोपीत घातला की प्रत्येक वेळी ब्रेक दाबल्यावर तो काटा आधी दबतो, मग आउटर तिरका होतो, मग कुठे पॅडला जोर मिळतो. फाइल घ्या आणि टोक काटकोनात सपाट घासा, चकचकीत गोल दिसेपर्यंत. मग आतली प्लॅस्टिकची नळी चेपलेली असते ती टोच्याने गोल उघडा, मगच टोपी. हँडलबार पूर्ण दोन्हीकडे वळवून बघा, आउटर कुठे ताणला जाऊ नये आणि उगाच गरगर मोठा वेढाही नको. आउटरची लांबी कमी केली की त्यात दोनचार ग्रॅमही सुटतात, गणू खूश.

ग्रॅमगणू
खूश :)

उतारावरची_सई
आणि पॅड! कोणी पॅडबद्दल बोललंच नाही अजून. सायकलीबरोबर आलेले पॅड बहुतेक वेळा दगड असतात. ॲल्युमिनियम रिमसाठी कूल-स्टॉपचे सामन रंगाचे पॅड ओल्या रस्त्यासाठी नावाजलेले आहेत, स्विसस्टॉपचे बीएक्सपी आहेत, शिमानोचे आर५५सी४ आहेत, यातलं काहीही लावा, कॅलिपर बदलल्यासारखं वाटेल. वजनाला तेवढेच, थांबायला दुप्पट मऊ.

पॅड लावून विसरायचे नाहीत. अधूनमधून चाक काढा आणि पॅडचा चेहरा उजेडात तिरका धरून बघा, चांदीसारखे बारीक ठिपके दिसतील. ते रिमचे कण, पॅडमध्ये रुतून बसलेले, आणि तेच मग रिमला ओरखडत बसतात. ब्रेक लावला की जो खरखर आवाज येतो तो यांचाच. टाचणीने एकेक उकरून काढायचे, मग बारीक सँडपेपरवर पॅड दोनदा फिरवायचा आणि रिम स्पिरिटने पुसायची. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड कधी पुढेमागे कार्बनची चाकं घेतलीत तर त्यांना लावू नका, हे कण कार्बनची वाट लावतात. कार्बनचे पॅडही वेगळे असतात.

पॅड ब्रेक लागताना किंचाळत असेल तर पॅडच्या मागच्या टोकाखाली जाडसर कागदाची घडी ठेवून पॅड रिमवर दाबून धरा आणि मग बोल्ट आवळा. पुढचं टोक आधी टेकतं, आवाज जातो. पण हे लवचिक कॅलिपरवर टिकत नाही, परत तेच.

बलरेषा
रिम किती झिजलीय तेही बघा. बऱ्याच रिमवर बारीक खाच किंवा टिंब असतं, ते दिसेनासं झालं की रिम संपली. नसेल तर पट्टीची कड रिमवर आडवी धरा, मधे खळगा दिसला तर नवे ब्रेक घेण्याआधी रिम घ्या.

चेनलूब
खाच आहे अजून व्यवस्थित. आउटर आणि पॅड आज मागवले. पण मंडळी, खरं सांगू का, हौस काही जात नाही. सगळं दुरुस्त झालं तरी ते ३८५ ग्रॅम डोक्यात राहणारच.

जुनी_सायकल
जाणारही नाही, हौसेला मोल नसतं. मग असं करा, पुढे अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस लावा जे तुमच्या लिव्हरला जन्मजात जुळतं, आणि मागे हवा तेवढा हलका. हौस मागे भागवा.

ग्रॅमगणू
मी तरी दोन्हीकडे ईईब्रेकच म्हणेन, पण मागे ईई आणि पुढे ड्युरा-एस हेही चालण्यासारखं आहे. अंदाजे १६५ अधिक ८५, म्हणजे २५० च्या आसपास. १३० ग्रॅमच्या वर सुटले. दिसायला दोन ब्रेक वेगळे दिसतील, त्याचं मला वाईट वाटेल, तुमचं तुम्ही बघा.

मंद_पेडल
मागचा ब्रेक बघतो कोण, मागे राहिलेले बघतात. आणि तुम्ही चढावर सगळ्यात मागे असाल तर तेही नाही :))

उतारावरची_सई
जुनी_सायकल काकांना +१. पण आधी आउटर आणि पॅड, आणि त्यावर थोडे दिवस चालवा. त्यानंतर पुढचा कॅलिपर. मागचा सगळ्यात शेवटी. सगळं एकदम बदललंत तर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

चेनलूब
ठरलं, त्याच क्रमाने. पुढे ड्युरा-एस आर९१००, मागे काय ते नंतर. एक शेवटचा प्रश्न, तिरका_स्पोक दादा, पुढच्या कॅलिपरचा बोल्ट बदलून टायटॅनियमचा टाकू का, आणि फोर्कच्या मागून जो लांब नट आत जातो तो जुनाच चालेल का?

तिरका_स्पोक
टायटॅनियम चांगल्या ठिकाणचा असेल तर पॅडच्या आणि केबल धरणाऱ्या बोल्टला चालेल, मिळतील ते चारपाच ग्रॅम. पुढच्या कॅलिपरचा मुख्य बोल्ट कंपनीचाच राहू द्या, त्याच्याशी खेळू नका, आणि ॲल्युमिनियमचा तर कुणी फुकट दिला तरी नको.

नट कार्बन फोर्कची जाडी बघून घ्यावा लागतो, वेगवेगळ्या लांबीचे येतात. कॅलिपर लावा, नट हाताने फिरवा आणि वेढे मोजा. दोनतीन वेढ्यांतच घट्ट झाला तर नट आखूड आहे, त्यावर ब्रेक लटकवू नका. उलट नट फोर्कला टेकायच्या आधीच बोल्ट आत तळाला लागला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो पण कॅलिपर हातानेसुद्धा हलतो, मग तिथे दुसऱ्या लांबीचा नट हवा. टॉर्क रेंच असेल तर मुख्य बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, केबलचा ६ ते ८, पॅडचा ५ ते ७. नसेल तर कुणाचा तरी उसना आणा, कार्बन फोर्क आहे तो.

आणि केबल बांधली की लिव्हर जीव खाऊन दहाबारा वेळा दाबा, घरातच, उभ्या सायकलवर. तार ताणली जाईल, टोप्या आपापल्या जागी बसतील, मग परत एकदा केबल आवळा. त्यानंतर फोटो टाका इथे, आउटरची वळणं बघू.

चेनलूब
टाकतो. पार्सल आलं की.